पत्ता नसलेल्याने पत्ता मागावा कसा?



व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर बोलण्याचा अधिकार विद्वानांचा. आमचे शालेय शिक्षण अपुरे राहिले. पुढे जे काही झाले ते कारखान्यांच्या फाटकांवर, हार्बर लाइनच्या डब्यात आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. तरीही संगणकाच्या पत्त्याचा हा विषय आम्ही मागून घेतला, याला कारण आहे. हजेरीपट, नोंदवही, पाळी आणि बदली यांच्याशी झगडण्यात आमची उमर गेली; आणि या विषयाच्या अंगावरचा इंग्रजी नावांचा अंगरखा काढून ठेवला, तर खाली उरते ती नोंदवहीच. म्हणून कामगाराला कळेल अशा भाषेत तो मांडून पाहावा, एवढाच हेतू आहे.

प्रथम अडचण काय आहे ती पाहू. संगणकांच्या जाळ्यात मजकूर पाण्यासारखा अखंड वाहत नाही. तो लहान लहान पाकिटांत बांधून पाठवला जातो. प्रत्येक पाकिटावर दोन पत्ते असतात, एक घेणाऱ्याचा आणि एक पाठवणाऱ्याचा. हा पत्ता म्हणजे चार आकड्यांचा एक क्रमांक; त्यातील प्रत्येक आकडा ० पासून २५५ पर्यंतचा. उदाहरणार्थ, १९२.१६८.१.५. यालाच आयपी पत्ता म्हणतात. आता सकाळी कचेरी उघडली, कोणी बटण दाबले आणि यंत्र जागे झाले. त्या क्षणी त्याला स्वतःचा पत्ता नाही. पत्ता हवा तर कोणाकडे तरी मागितला पाहिजे; मागायचा तर पाकीट धाडले पाहिजे; आणि पाकीट धाडायचे तर त्यावर आपला पत्ता लिहिला पाहिजे! मानखुर्दच्या माणसाला हा पेच समजावून सांगण्याची गरज नाही. रेशनकार्ड काढायचे तर राहण्याचा पुरावा आणा, आणि पुरावा काय तर रेशनकार्ड, हे ऐकत आमच्या वस्त्यांतल्या पिढ्या वाढल्या आहेत.

कोणी म्हणेल, प्रत्येक यंत्रात त्याचा पत्ता एकदाच हाताने लिहून ठेवावा, म्हणजे झाले. तसे करता येते, आणि काही ठिकाणी अजूनही करतात. दहा यंत्रे असली तर निभते. पाचशे असली की लिहिणाऱ्याच्या हातून एकच क्रमांक दोघांना जातो. मग एकाची पाकिटे दुसऱ्याच्या दारी जाऊ लागतात आणि दोघांचेही काम अडते. शिवाय यंत्र एका जागी कोठे राहते? खिशातला फोन सकाळी मानखुर्दला, दुपारी फोर्टात आणि रात्री पनवेलला असतो. प्रत्येक ठिकाणचे जाळे वेगळे, म्हणून पत्ताही वेगळा हवा.

दुसरा कोणी विचारील की, जन्मतःच यंत्रावर एखादा क्रमांक कोरलेला नसतो काय? असतो. जाळ्याला जोडणाऱ्या भागावर कारखान्यातच ४८ बिटांचा, म्हणजे शून्य-एकच्या ४८ घरांचा, एक क्रमांक घातलेला असतो. त्याला मॅक क्रमांक म्हणतात. परंतु ती जन्मखूण झाली, पत्ता नव्हे. एखाद्याच्या उजव्या गालावर तीळ आहे एवढे सांगून पोस्टमन त्याला शोधू शकत नाही. त्याला गल्ली व चाळ लागते. जन्मखूण ‘कोण’ ते सांगते, पत्ता ‘कोठे’ ते सांगतो. मात्र एकाच गल्लीत, म्हणजे एकाच तारेवर बसलेल्या यंत्रांना ही खूण ओळखता येते. पेचातून सुटण्याची वाट येथेच सापडली.

ही वाट तीन टप्प्यांनी चालली गेली. १९८४ च्या जूनमध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मंडळींनी एक टिपण प्रसिद्ध केले. ते आरएफसी ९०३ या क्रमांकाने ओळखले जाते. त्या काळी स्वतःची तबकडी नसलेले संगणक वापरात येत होते. तबकडी नाही म्हणजे आठवण नाही; बटण दाबले की कोरी पाटी. अशा यंत्राने तारेवर सर्वांना ऐकू जाईल अशी हाक द्यावी, ‘माझी जन्मखूण अमुक, माझा पत्ता कोणाला ठाऊक आहे काय?’ आणि वही बाळगणाऱ्या यंत्राने उत्तर द्यावे, अशी ती योजना. तिचे नाव आरएआरपी. दोष दोन होते. उत्तरात पत्त्यापलीकडे काही मिळत नसे. आणि हाक गल्लीच्या बाहेर जात नसल्यामुळे प्रत्येक गल्लीत एक वहीवाला बसवावा लागे.

पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९८५ मध्ये, बिल क्रॉफ्ट आणि जॉन गिलमोर यांनी बूट-पी नावाची सुधारलेली रीत मांडली. तिच्यात पत्त्याबरोबर पुढचा मार्ग आणि चालू होण्यासाठी कोणती फाइल कोठून घ्यावी हेही कळू लागले. शिवाय अर्ज पोचवणारा मध्यस्थ नेमता आला. गल्लीच्या नाक्यावरचे यंत्र ती हाक ऐकते, तिच्यावर आपल्या नाक्याची खूण घालते आणि दूरच्या मुख्य कचेरीकडे रीतसर पोचवते. उत्तर आले की ते आत आणून देते. त्यामुळे शंभर गल्ल्यांना एक वही पुरू लागली. तथापि वही अजून हातानेच लिहायची होती. या जन्मखुणेला हा पत्ता, त्या खुणेला तो. आणि वहीत नाव नसेल तर दारात उभे राहा.

तिसरा टप्पा आम्हां मुंबईकरांना आमच्याच इतिहासातून अधिक लवकर कळेल. गिरणगावात बदली कामगार नावाचा एक मोठा वर्ग होता. त्याचा स्वतःचा साचा नसे. पहाटे तो गिरणीच्या फाटकाशी येई, आणि जो कायम कामगार गैरहजर असेल त्याचा साचा त्या दिवसापुरता त्याला मिळे. उद्या दुसरा साचा, परवा कदाचित काहीच नाही. साचे मोजके, हात अधिक. म्हणून रिकामा साचा त्या दिवशी हजर असलेल्याला द्यायचा, हा त्यातला हिशेब. ऑक्टोबर १९९३ मध्ये पेनसिल्व्हेनियातील बकनेल विद्यापीठाचे राल्फ ड्रोम्स यांच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या टिपणात संगणकाच्या पत्त्यांना हाच हिशेब लावलेला आहे. पत्ते कोणाच्या नावाने कायम न लिहिता त्यांचा एक साठा ठेवावा. जो येईल त्याला त्यातला मोकळा पत्ता ठरावीक मुदतीपुरता द्यावा. मुदत संपली आणि कोणी वाढवून मागितली नाही, की तो पुन्हा साठ्यात घ्यावा. या रीतीचे लांबलचक नाव डायनॅमिक होस्ट कॉन्फिगरेशन प्रोटोकॉल. सुटसुटीत नाव डीएचसीपी. मार्च १९९७ च्या आरएफसी २१३१ या टिपणात तिला जे रूप मिळाले, त्यावरच आजही आपल्या घरातली, कचेरीतली आणि शाळेतली यंत्रे मुख्यतः चालतात.

आता प्रत्यक्ष व्यवहार पाहू. तो चार बोलांत पुरा होतो.

पहिला बोल नव्या यंत्राचा. पाठवणाऱ्याच्या जागी ते ०.०.०.० असे लिहिते, म्हणजे ‘मला अजून पत्ता नाही’ असे उघड सांगते. आणि घेणाऱ्याच्या जागी २५५.२५५.२५५.२५५ लिहिते, म्हणजे ‘गल्लीतल्या सर्वांस’. सोबत जन्मखूण आणि आपल्या अर्जाचा एक क्रमांक देते, जेणेकरून दहा यंत्रे एकदम ओरडली तरी प्रत्येकाला आपले उत्तर ओळखता यावे. दुसरा बोल वहीवाल्या सर्व्हरचा: ‘हा अमुक पत्ता मोकळा आहे, इतक्या वेळापुरता देऊ करतो.’ असे देऊ करणारे एकाहून अधिकही असू शकतात. तिसरा बोल पुन्हा यंत्राचा: ‘मी अमक्या सर्व्हरचा देकार घेतो.’ हा बोलही ते सर्वांना ऐकू जाईल असाच उच्चारते. कारण ज्यांचा देकार घेतला नाही, त्यांनाही ते कळावे आणि त्यांनी राखून ठेवलेला पत्ता साठ्यात परत टाकावा. चौथा बोल निवडलेल्या सर्व्हरचा: ‘मंजूर, नोंद केली.’ सर्व ठीक असेल तर हे चारही बोल सेकंदाच्या आत उरकतात.

मंजुरीबरोबर आणखी तीन गोष्टी हाती पडतात. आपली गल्ली कोठवर आहे. गल्लीबाहेर जायचे तर कोणत्या दारातून. आणि नावावरून पत्ता सांगणारा जाणकार, म्हणजे डीएनएस सर्व्हर, कोठे बसतो. यावाचून नुसता पत्ता म्हणजे गाव, रस्ता व वाट दाखवणारा यांपैकी काही ठाऊक नसताना हातात दिलेली खोलीची किल्ली. किल्ली हाती आली तरी शहाणे यंत्र लगेच आत शिरत नाही. ते दार ठोठावून विचारते, ‘या पत्त्यावर कोणी राहते काय?’ आतून ओ आली, तर मिळालेला पत्ता नाकारून ते पुन्हा पहिल्यापासून अर्ज करते.

मुदतीचा नियम विशेष ध्यानात घेण्यासारखा आहे. मुदत निम्मी सरली की यंत्र ज्याने पत्ता दिला त्याच सर्व्हरकडे वाढ मागते. त्याने उत्तर दिले नाही, तर ते काम न थांबवता वाट पाहते. मुदतीचे आठांपैकी सात भाग संपले तरी उत्तर नाही, असे झाले की ते पुन्हा गल्लीत सर्वांना हाक देते, ‘कोणीतरी मुदत वाढवून द्या.’ आणि मुदत पुरी संपली की त्या पत्त्यावरचे बोलणे त्याने बंद करावे, असा दंडक आहे. शेवटच्या घटकेपर्यंत थांबून मग धावपळ करू नये, ही शिस्त अनेक करारांच्या वाटाघाटींत आम्हांला माणसांना शिकवावी लागली. यंत्रांत ती पहिल्यापासून घातलेली आहे. यंत्र बंद करून पुन्हा चालू केले, तर ते प्रथम आपला जुना पत्ताच मागते. तो त्या गल्लीचा असेल आणि मोकळा असेल तर बहुधा तोच मिळतो. यंत्र भलत्याच गल्लीत आले असेल तर सर्व्हर सरळ नकार देतो आणि नवा अर्ज सुरू होतो.

मुंबईत या गोष्टी कशा आल्या तेही सांगितले पाहिजे. संशोधन संस्थांना जोडणारे अर्नेट हे जाळे १९८६ साली उभारले जाऊ लागले, तेव्हा त्याच्या पहिल्या संस्थांत जुहूची राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र ही संस्था आणि पवईची आयआयटी या दोन्ही होत्या. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाकडून. त्या काळी फोनच्या तारेवरून नंबर फिरवून जाळ्यात शिरावे लागे. महाग खाते असलेल्याच्या संगणकाला त्या बोलण्यापुरता पत्ता मिळे, आणि फोन ठेवला की तो दुसऱ्याला जाई. ती रीत डीएचसीपीची नव्हे, पण तत्त्व तेच, उसन्या पत्त्याचे. स्वस्त खाते असलेल्याच्या संगणकाला मात्र पत्ताच नसे. तो निगमाच्या यंत्राची केवळ दूरची खिडकी असे, आणि खिडकीत फक्त अक्षरे उमटत. पत्ता असणे व नसणे यांतला फरक असा खिशावरूनच ठरत होता.

पुढे जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकावर रेलटेल आणि गूगल यांनी मोफत वायफाय सुरू केले. गूगलने २०२० पासून त्यातून अंग काढून घेतले, तरी स्थानकाचे हे उदाहरण आमच्या विषयाला फार सोयीचे आहे. गाडी आली की शेकडो फोन एकदम हाक देतात, आणि गाडी सुटली की निघून जातात. जाताना ‘आम्ही निघालो’ असे सांगण्याची तसदी बहुधा कोणी घेत नाही. तेथे आठवड्याची मुदत दिली, तर साठा तासाभरात संपेल आणि फलाट रिकामा असूनही नव्या माणसाला पत्ता मिळणार नाही. म्हणून वर्दळीच्या जागी मुदत थोडी ठेवावी, आणि कचेरीत, जेथे तीच माणसे रोज येतात तेथे, लांब ठेवावी.

साठाच अपुरा का, असे कोणी विचारील. चार आकड्यांच्या या पद्धतीत एकंदर ४,२९,४९,६७,२९६ पत्ते होतात, आणि माणसे तर त्याहून अधिक आहेत. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक कोठारातले शेवटचे मोठे गठ्ठे पाच विभागांना वाटले गेले. आपल्या आशिया-प्रशांत विभागाचा साठा १५ एप्रिल २०११ लाच अखेरच्या गठ्ठ्यावर आला आणि रेशन सुरू झाले. यातून निभावण्यासाठी आपण चाळीची युक्ती वापरतो. चाळीचा पत्ता एक. आत खोली नंबर पाच, सहा, सात. खोली नंबर पाच प्रत्येक चाळीत असते आणि त्याने कोणाचे बिघडत नाही. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते असे खोली नंबर आहेत. घरातली वायफायची पेटी बाहेरच्या जगाशी एका पत्त्याने बोलते आणि आतल्यांना खोली नंबर वाटते. कायमचा उपाय म्हणजे १२८ बिटांची नवी पद्धत, आयपीव्ही-६. तीत गल्लीच्या नाक्यावरील राउटर गल्लीचे नाव पुकारतो आणि यंत्र स्वतःच आपला पुढचा क्रमांक जोडून घेऊ शकते. २०१६ साली सुरू झालेल्या जिओच्या जाळ्यावर ही पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरात आहे.

आता या योजनेच्या मर्मस्थानाकडे येऊ. गल्लीत हाक दिली आणि उत्तर आले. पण उत्तर देणारा खरा वहीवाला होता हे कशावरून? मूळ रीतीत याची खात्री करण्याची सोय नाही. यंत्र उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवते. मानखुर्दच्या एका संध्याकाळच्या संगणक वर्गात याचा अनुभव आला. बारा यंत्रे नीट चालत असत. एके दिवशी कोणीतरी घरची वायफायची पेटी आणून वर्गाच्या तारेला उलट्या बाजूने जोडली. त्या पेटीतही वही होतीच. आधीपासून चालू असलेली यंत्रे आपल्या मुदतीवर सुखाने चालू राहिली. पण त्यानंतर जी सुरू झाली त्यांना पेटीने आधी उत्तर दिले, आपल्याकडचे खोली नंबर वाटले आणि बाहेरचे दार म्हणून स्वतःलाच दाखवले. त्या दारामागे रस्ताच नव्हता. पाच मुले ‘इंटरनेट गेले’ म्हणत बसली आणि शेजारची सात काम करीत राहिली. शिक्षकाने दोन यंत्रांचे पत्ते शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा गल्लीच वेगळी असल्याचे दिसले आणि पेटी सापडली.

येथे निव्वळ घोटाळा होता. दुष्ट हेतूने हेच केले, तर सर्वांची पत्रे आपल्या हातावरून नेता येतात. म्हणून चांगल्या कचेऱ्यांत मधल्या स्विचला सांगून ठेवतात की, पत्ते देऊ करणारा बोल अमुक एका दारातूनच आला तर पुढे जाऊ द्यावा. आमच्या मते सबंध विषयाचे सार या एका गोष्टीत आहे. वही असणे पुरेसे नाही. वही कोणाच्या हाती आहे, हे उघड असले पाहिजे. गिरणीच्या फाटकावर बदली कोणाला द्यायची हे जॉबरच्या मर्जीवर होते, तेव्हा मर्जीला किंमत पडे आणि ती कामगार खिशातून भरी. १९३५ साली मुंबईत बदली कार्डांची योजना आली, ती ही मर्जी आवरण्यासाठी. १९६९ चा माथाडी कायदा झाला त्यामागेही मंडळाची उघड नोंदणी हाच आधार होता. देणारा निश्चित, नोंद उघड, मुदत ठाऊक आणि नकार मिळाल्यास पुन्हा अर्ज करण्याची वाट मोकळी, एवढे असेल तरच उसने देणे न्यायाचे ठरते.

हाक देऊन कोणीच उत्तर दिले नाही तर काय होते, तेही सांगून ठेवतो. घरी उपयोगी पडेल. पुष्कळ यंत्रे तेव्हा १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता स्वतःच घेतात. त्याने गल्लीतल्या तशाच दुसऱ्या यंत्राशी बोलता येते, बाहेर जाता येत नाही. तेव्हा पडद्यावर हे आकडे दिसले, तर समजावे की यंत्र धडधाकट आहे, हाकही दिली आहे. पण वहीवाल्यापर्यंत ती पोचली नाही किंवा त्याचा साठा संपला आहे. अशा वेळी यंत्र दुरुस्तीला नेऊन पैसे घालवू नयेत. आधी तार, मग पेटी, मग साठा या क्रमाने तपास करावा.

शेवटी एक भेद स्पष्ट केला पाहिजे, नाही तर आमच्या उपमांचा विपर्यास होईल. यंत्राला उसना पत्ता मानवतो. त्याला बिऱ्हाड नाही, मुलांची शाळा नाही, शेजार नाही. माणसाचे तसे नाही. १९७६ साली याच भागातली जनता कॉलनी उठवून लोकांना चीता कॅम्पात नेले, तेव्हा फक्त घराचा क्रमांक बदलला नाही; कामावर जाण्याची वाट, उधारी देणारा वाणी आणि अडीअडचणीला धावणारा शेजारी, सारेच बदलले. तेव्हा संगणकाकडून आपण मुदतीचा पत्ता शिकू नये. शिकायचे ते दुसरेच आहे. ज्याच्यापाशी काहीच नाही, त्याची हाक ऐकून घेण्याची सोय नियमांतच करून ठेवलेली आहे. ‘०.०.०.०’ असे लिहून आलेला अर्ज तेथे अपुरा म्हणून परत करीत नाहीत. पत्ता नसणे हेच त्याचे अर्ज करण्याचे कारण, असे मानून तो घेतात. आमच्या कचेऱ्यांच्या खिडक्यांवर एवढा एक नियम आला, तरी मानखुर्दमध्ये पुष्कळांचे हेलपाटे वाचतील.